एका माणसाची पंधरा मतं

आमच्या घरात ‘नगरपालिकेची शाळा’ असं कुणी म्हणत नसे. अब्बा, चाचा, समोरचे पाटीलकाका, सगळे म्हणायचे ‘बोर्डाची शाळा’. मुलाला बोर्डाच्या उर्दू शाळेत घालायचं की बोर्डाच्या मराठी शाळेत, हा आमच्या मोहल्ल्यातला दर जूनचा वाद. मला लहानपणी वाटायचं की बोर्ड म्हणजे शाळेच्या फाटकावरची ती पत्र्याची गंजलेली पाटी. पुढे कळलं की बोर्ड म्हणजे माणसं. ती कुठल्या तरी इमारतीत लांबलचक टेबलाभोवती बसतात आणि कुठे शाळा काढायची, कुठे शिक्षक पाठवायचा हे ठरवतात.

निवडणुका जवळ आल्या की चहाच्या टपरीवर एक वाक्य हमखास ऐकू यायचं. ‘बोर्डावर आपला एक माणूस पाहिजे.’ एकदा खरंच आपला एक माणूस बोर्डावर गेला. फटाके वाजले, मशिदीबाहेर पेढे वाटले गेले. त्याला शाळेबद्दल नेमकं काय वाटतं, हे तो निवडून येण्याआधी आम्हाला माहीत नव्हतं आणि नंतरही कळलं नाही. आम्ही विचारलंच नव्हतं म्हणा. तो आपला होता, एवढं पुरेसं होतं.

हे आठवायचं कारण म्हणजे गेले काही महिने मी इंग्लंडमधल्या स्कूल बोर्डांचा इतिहास वाचतोय. ‘बोर्डाची शाळा’ हा शब्द आपल्याकडे आला तो इंग्रजी राज्यात. १८८२ साली हंटर आयोगाने प्राथमिक शाळा स्थानिक बोर्डांकडे आणि नगरपालिकांकडे सोपवायची शिफारस केली. याच आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी निवेदन दिलं आणि किमान बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा म्हणून सांगितलं. आयोग इथे फिरत होता तेव्हा इंग्लंडात लोकांनी मत देऊन निवडलेली स्कूल बोर्डं बारा वर्षांची झाली होती. तिथे ‘आपला माणूस’ निवडण्याची एक तऱ्हा होती, जी पुढे आपल्याला कुणी धड दाखवली नाही. तिच्याबद्दल लिहायचं आहे.

१८७० पर्यंत इंग्लंडात सरकारी प्राथमिक शाळा असा प्रकारच नव्हता. शाळा चालवायच्या त्या चर्चने. सगळ्यात जास्त अँग्लिकन चर्चच्या, म्हणजे राजधर्माच्या. काही त्यापासून फुटून निघालेल्या पंथांच्या, ज्यांना तिथे नॉनकन्फॉर्मिस्ट म्हणतात. काही कॅथलिकांच्या. सरकार त्यांना अनुदान देई, आपल्या अनुदानित संस्थांसारखंच. पण मँचेस्टर, लीड्स, बर्मिंगहॅम, पूर्व लंडन अशा गिरण्या-कारखान्यांच्या वस्त्यांत लाखो पोरं कुठल्याच शाळेत नव्हती. १८७० साली विल्यम फॉर्स्टर या मंत्र्याने कायदा आणला. जिथे शाळा कमी पडतात तिथे लोकांनी स्कूल बोर्ड निवडावं, बोर्डाने स्थानिक कर घेऊन शाळा बांधाव्यात, आणि वाटल्यास पाच ते तेरा वर्षांच्या मुलांना हजेरीची सक्ती करावी.

आता भांडण कशावरून होणार हे तुम्ही ओळखलं असेल. कर सगळ्यांचा, मग शाळेत धर्म कुणाचा?

कायद्याने दोन कुंपणं घातली. पहिलं असं, की धर्माचा तास शाळा सुरू होताना किंवा सुटताना ठेवायचा, म्हणजे ज्या आईबापांना नको त्यांना आपलं मूल बाजूला काढता येईल. आपल्या राज्यघटनेतल्या २८व्या कलमात अनुदानित शाळेत संमतीशिवाय धार्मिक शिक्षण नको असं म्हटलंय, ते वाचताना मला याची आठवण होते. दुसरं कुंपण कूपर-टेम्पल नावाच्या खासदाराच्या नावाने ओळखलं जातं. बोर्डाच्या शाळेत कुठल्याही एका पंथाची खास प्रश्नोत्तरी किंवा श्रद्धावचनं शिकवायची नाहीत. पण बायबल वाचायचं की नाही, वाचलं तर समजावून सांगायचं की नाही, हे कायद्याने ठरवलंच नाही. ते बोर्डावर सोडलं. म्हणजेच ते उमेदवारांवर आणि मतदारांवर सोडलं. त्यामुळे १८७० च्या हिवाळ्यात इंग्लंडातल्या गावोगावी उमेदवारांना उभं करून लोक विचारू लागले. बायबलचं काय? सक्तीचं काय? फी घेणार की नाही? गरीब मुलाची फी कराच्या पैशातून चर्चच्या शाळेला देणार का?

हा शेवटचा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो, पण त्याने सगळ्यात जास्त डोकी फुटली. कायद्याच्या २५व्या कलमाने बोर्डाला मुभा दिली होती की गरीब मुलाची फी बोर्डाने भरावी, मग ते मूल कुठल्याही मान्य शाळेत असो. नॉनकन्फॉर्मिस्ट म्हणाले, आमचा कर घेऊन तुम्ही अँग्लिकन आणि कॅथलिक धर्मशिक्षण पोसणार. कॅथलिक म्हणाले, आमचं गरीब मूल आमच्याच शाळेत जाणार, त्याला दुसरीकडे ढकलू नका. दोघंही आपापल्या जागी खरे होते. हा वाद आजही आपल्याकडे अनुदानाच्या नावाने चालतो, म्हणून तो मला परका वाटत नाही.

आता मतदानाच्या तऱ्हेकडे येतो. बोर्डावर जितक्या जागा, तितकी मतं प्रत्येक मतदाराला. पाच जागा असतील तर पाच मतं. ती पाच जणांना एकेक वाटा, नाहीतर पाचही एकाच्या पारड्यात टाका. कायद्याच्या मराठीत याला संचित मतदान म्हणतात, मी आपलं ‘एकवट मत’ म्हणेन.

त्याने काय होतं ते एका साध्या हिशोबाने पाहू. गावात १,००० मतदार, जागा पाच. ८२० लोक एका मोठ्या गटाचे, १८० एका छोट्या जमातीचे. आपल्या नेहमीच्या पद्धतीत पाचही जागा मोठ्या गटाच्या, छोट्यांच्या वाट्याला शून्य. एकवट मतात छोट्या जमातीने आपली सगळी मतं एकाच उमेदवाराला दिली, तर त्याची होतात ९००. मोठ्या गटाने पाच उमेदवार उभे करून मतं सारखी वाटली, तर प्रत्येकाची ८२०. म्हणजे छोट्या जमातीचा माणूस निवडून तर येतोच, वर पहिला येतो! मोठ्या गटाला चार जागा मिळतात, आणि त्यांच्या संख्येच्या मानाने ते बरोबरही आहे. यात कुणाचा वेगळा मतदारसंघ नाही, वेगळी यादी नाही, कुणाच्या कपाळावर जातधर्माचा शिक्का नाही. मतदार स्वतः ठरवतो की मी आज कॅथलिक म्हणून मत देतोय, कामगार म्हणून देतोय, की करदाता म्हणून.

बर्मिंगहॅममध्ये नेमकं हेच घडलं. जागा १५. लिबरल पक्षाचं शहरात जोरदार बहुमत होतं, आणि सगळ्यांना मोफत, सक्तीचं आणि पंथनिरपेक्ष शिक्षण मागणाऱ्या नॅशनल एज्युकेशन लीगचं मुख्य ठाणंच ते. लीगचा पुढारी जोसेफ चेंबरलेन स्वतः उमेदवार होता. आत्मविश्वास इतका, की त्यांनी पंधराच्या पंधरा उमेदवार उभे केले. चर्चच्या बाजूने उभे केले फक्त आठ. कॅथलिकांनी एक, कॅनन ओसलिव्हन नावाचे पाद्री.

निकाल लागला तेव्हा चर्चचे आठही आले. लिबरल आले सहा. आणि सगळ्यांच्या वर, ३५ हजारांहून जास्त मतं घेऊन, ते कॅथलिक पाद्री. ३५ हजार मतं म्हणजे ३५ हजार माणसं नव्हेत हे लक्षात घ्या. एकेका माणसाची पंधरा मतं. म्हणजे अडीच हजार माणसं शिस्तीने एका नावावर उभी राहिली की काम भागतं. ती माणसं बहुतेक आयरिश मजूर, शहरात ज्यांना कुणी फारसं विचारत नसे.

चेंबरलेन आणि मंडळी अर्थात भडकली. बहुमत आमचं असून बोर्ड त्यांचं, हा कुठला न्याय, असा त्यांचा सूर. त्यांच्या रागात तथ्य होतं. पण चूक पद्धतीपेक्षा त्यांच्या हिशोबाची जास्त होती. १५ जागा सगळ्याच आपल्याला हव्यात, ही हाव नडली. तीन वर्षांनी ते शहाणे झाले. कमी उमेदवार, वॉर्डावॉर्डात बांधणी, कोणत्या भागातल्या माणसांनी कोणाला मत द्यायचं याची पक्की आखणी. १८७३ साली बोर्ड त्यांच्या हाती आलं. इंग्लंडातल्या शिस्तबद्ध पक्षयंत्राचा जन्म बर्मिंगहॅमचा मानतात. त्याच्या मुळाशी शाळेच्या निवडणुकीत खाल्लेला मार होता, हे मला गमतीचं वाटतं.

लंडनमध्ये चित्र अजून रंगीत होतं. तिथल्या ४९ जागांसाठी नोव्हेंबर १८७० मध्ये मतदान झालं. बायकांना पार्लमेंटचं मत मिळायला अजून जवळपास अर्धं शतक होतं, पण स्कूल बोर्डासाठी स्वतःच्या नावावर कर भरणारी बाई मत देऊ शकत होती, आणि बाई उभीही राहू शकत होती. मॅरिलबोन विभागातून एलिझाबेथ गॅरेट उभ्या राहिल्या. इंग्लंडात डॉक्टरकीचा दरवाजा भांडून उघडणारी ही बाई. त्याच वर्षी पॅरिसहून वैद्यकाची पदवी घेऊन आलेली. तिला उभं राहायची गळ घातली ती कामगारांनी, ज्यांच्या बायकापोरांवर ती दवाखान्यात उपचार करत असे. तिला मतं मिळाली ४७,८५८. दुसऱ्या नंबरावर होता थॉमस हक्सली, डार्विनचा कडवा पाठीराखा. त्याला १३,४९४. ग्रिनिचमधून एमिली डेव्हिस आल्या, केंब्रिजला मुलींचं कॉलेज काढणाऱ्या. फिन्सबरीतून बेंजामिन ल्युक्राफ्ट नावाचा सुतार निवडून आला. फर्निचर करणारा कामगार, त्या सगळ्या सरदार-पाद्री-प्राध्यापकांच्या मेळ्यात. शिक्षण फुकट हवं आणि शाळेत पोरांकडून लष्करी कवायत नको, हे तो वर्षानुवर्षं सांगत राहिला.

हक्सलीचं मत काय होतं ते ऐकण्यासारखं आहे. देव आहे की नाही हे कळायला मार्ग नाही असं म्हणणाऱ्यांसाठी ‘अ‍ॅग्नॉस्टिक’ हा शब्द ज्याने घडवला, तो हा माणूस. लोकांना वाटलं हा बायबलला हाकलून देणार. त्याने लेख लिहून सांगितलं की बायबल वाचू द्या, पण धर्मशास्त्र नको. इंग्रजी भाषेचं, नीतीचं, इतिहासाचं एवढं मोठं भांडार गरीब पोरापासून का तोडायचं? त्याच्या कट्टर दोस्तांना हे पटलं नाही, आणि पाद्र्यांचा त्याच्यावर विश्वास बसला नाही. मला मात्र हा माणूस आवडतो. आपल्याकडे एखाद्या शाळेत ज्ञानेश्वरीच्या ओव्या शिकवल्या की काही लोक नाराज, आणि उर्दू नज्म शिकवली की दुसरे काही. दोन्हीकडच्या लोकांना हक्सली दाखवावासा वाटतो.

या पहिल्या बोर्डाचे अध्यक्ष कोण झाले, तर लॉर्ड लॉरेन्स. होय, तेच जॉन लॉरेन्स, १८५७ मध्ये पंजाब सांभाळणारे आणि पुढे १८६९ पर्यंत हिंदुस्थानचे व्हाइसरॉय. पंजाबात असताना त्यांचं म्हणणं होतं की जिथे शिकवणारा आणि ऐकणारा दोघंही राजी असतील तिथे सरकारी शाळेत बायबल शिकवायला हरकत नसावी. इंग्रज सरकारने ते मानलं नाही. हिंदुस्थानात सरकारी शाळा धर्मापासून लांब ठेवायच्या हे धोरण. बंडाचा चटका ताजा होता. घरी परतल्यावर मात्र ज्या बोर्डाचे ते अध्यक्ष झाले, त्याने १८७१ साली प्रचंड बहुमताने ठराव केला की बायबल वाचावं आणि मुलांना झेपेल असं समजावून सांगावं, पंथाचा प्रचार न करता. हक्सलीही ठरावाच्या बाजूने. बर्मिंगहॅमने १८७३ नंतर उलटा रस्ता धरला. शिक्षकाने धर्म शिकवायचाच नाही, ज्यांना शिकवायचा त्यांनी स्वयंसेवक आणून शिकवावा. तो प्रयोग काही वर्षं रखडत चालला आणि १८७९ मध्ये टिप्पणीशिवाय बायबल वाचण्यावर तडजोड झाली. एका देशात, एकाच कायद्याखाली, दोन शहरांनी दोन उत्तरं दिली, कारण उमेदवारांनी दोन वेगळी वचनं दिली होती.

पुढची वीस-पंचवीस वर्षं अशीच गेली. दर तीन वर्षांनी निवडणूक. १८८८ साली पूर्व लंडनच्या टॉवर हॅम्लेट्समधून अ‍ॅनी बेझंट उभ्या राहिल्या. होमरूलवाल्या म्हणून आपण त्यांना ओळखतो, पण हिंदुस्थानात त्या आल्या १८९३ मध्ये. त्याआधीच्या बेझंट नास्तिक, समाजवादी, आणि त्याच उन्हाळ्यात काड्यापेटी कारखान्यातल्या मुलींच्या संपामागे उभ्या राहिलेल्या. त्यांचा जाहीरनामा पोटाबद्दल होता. उपाशी पोराला शिकवता येत नाही, शाळेत जेवण द्या, फी काढून टाका, आणि बोर्डाचं बांधकाम करणाऱ्या ठेकेदाराने मजुराला रास्त मजुरी दिलीच पाहिजे. त्या १५ हजारांहून जास्त मतांनी पहिल्या आल्या. रास्त मजुरीची अट बोर्डाने पुढच्याच वर्षी मान्य केली. फी बहुतेक ठिकाणी सुटली ती १८९१ च्या कायद्याने. जेवणाला मात्र विसावं शतक उजाडावं लागलं.

मग १८९४. ही गोष्ट मी दोनदा वाचली, कारण तिच्यात शिक्षक आहेत. बोर्डावर चर्चचा गट वरचढ झाला होता. त्यातल्या अ‍ॅथेल्स्टन रायली नावाच्या सदस्याला वाटलं, बोर्डाच्या शाळांतला धर्म फारच पातळ झालाय. परिपत्रक निघालं की शिक्षकांनी मुलांना त्रैक्याचा, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या सिद्धांताचा धडा द्यावा. ज्यांच्या मनाला ते पटत नसेल त्यांनी तसं कळवावं, त्यांना त्या तासातून मोकळं करू. तीन हजारांहून जास्त शिक्षकांनी ‘आम्हाला मोकळं करा’ असं कळवलं. सगळे काही अश्रद्ध नव्हते. बऱ्याच जणांचं म्हणणं एवढंच होतं की नोकरी देणाऱ्याने माझा ईमान तपासायचा नाही. नोव्हेंबरमधली निवडणूक याच एका प्रश्नावर लढली गेली. चर्चचा गट अगदी थोड्या फरकाने टिकला, आणि १८९७ मध्ये गेला.

इथवर वाचून वाटेल की एकवट मताने सगळं छान झालं. तसं नाही. त्याचा एक वाईट गुण होता आणि तो लपवण्यात अर्थ नाही. ज्याला फक्त आपल्या जमातीची मतं पुरतात, त्याला बाकीच्यांशी बोलायची गरज उरत नाही. अनेक गावांत बोर्डाची निवडणूक म्हणजे प्रार्थनामंदिरांची शिरगणती झाली. रविवारी पाद्री सांगेल त्या एका नावावर सगळी मतं. शाळेच्या छपरावर, शिक्षकाच्या पगारावर बोलणारा उमेदवार मागे पडे, धर्मावर बोलणारा पुढे जाई. आमच्या टपरीवरचं ‘आपला माणूस’ तिथेही होतंच.

आणि याच्या अगदी उलट अशी एक गोष्ट पूर्व लंडनच्या व्हाइटचॅपल भागात घडली. तिथे ज्यूंची वस्ती होती. १८८० नंतर रशिया-पोलंडमधल्या छळामुळे अजून हजारो ज्यू कुटुंबं येऊन दाटीवाटीने राहिली. त्या वस्तीत बोर्डाने ओल्ड कॅसल स्ट्रीटवर शाळा बांधली, पण ज्यू आईबाप मुलं पाठवेनात. तिथे बायबल म्हणजे नवा करार, ख्रिस्ताची शिकवण, त्यांना भीती वाटणारच. इमारत उभी, बाकं रिकामी. शेवटी बोर्डाने अब्राहम लेव्ही नावाचा ज्यू मुख्याध्यापक नेमला. धर्माच्या तासाला फक्त जुना करार. ज्यूंच्या सणांना सुटी. आणि हिवाळ्यात, दिवस लवकर मावळतो म्हणून, शुक्रवारी शाळा लवकर सुटायची, म्हणजे मुलं शब्बाथ सुरू व्हायच्या आत घरी. शाळा भरली. पुढे त्या भागात बोर्डाच्या अशा बऱ्याच शाळा झाल्या. त्या ज्यूंच्या मालकीच्या नव्हत्या. कर सगळ्यांचा, इंग्रजी भाषा, सरकारी तपासनीस, सगळं इतर शाळांसारखंच. इथल्या पोरांनी इंग्रजी उचललं आणि दोन पिढ्यांत वस्ती सोडून शहरभर पसरली.

शुक्रवारी शाळा लवकर सुटायची हे वाचून मी हसलो. आमच्या बोर्डाच्या उर्दू शाळेत शुक्रवारी जुम्यासाठी दुपारी सोडायचे, मराठी शाळेत नाही. मी मराठी शाळेत होतो. जोशीबाई मला आणि अजून दोघांना हळूच सांगायच्या, ‘जा रे, नमाज झाली की या परत.’ कुठल्याही बोर्डाचा ठराव नव्हता त्यामागे.

१९०२ च्या कायद्याने इंग्लंडातली स्कूल बोर्डं गेली. लंडनचं बोर्ड दोन वर्षांनी गेलं. शाळा नगर आणि काउंटी परिषदांच्या समित्यांकडे आल्या आणि त्यांच्याबरोबर एकवट मतही इतिहासजमा झालं. त्यानंतर अवघ्या चार वर्षांनी, ऑक्टोबर १९०६ मध्ये, आगाखानांचं शिष्टमंडळ सिमल्याला व्हाइसरॉयला भेटलं. मागणी अशी, की बहुमताच्या मतदानात मुसलमानांचा माणूस येत नाही, किंवा आला तरी तो दुसऱ्यांच्या मर्जीतला असतो. ही तक्रार बर्मिंगहॅमच्या कॅथलिक मजुराची तक्रार होती, शब्दही फारसे वेगळे नव्हते. त्या मजुराला सरकारने सगळ्यांच्या यादीत राहून एका नावावर मतं एकवटायची सोय दिली होती. आम्हाला १९०९ मध्ये दिली वेगळी यादी, वेगळा मतदारसंघ. त्याचं पुढे काय झालं ते या ब्लॉगच्या वाचकांना सांगायला नको. सिमल्याला गेलेल्या मंडळींना शाळाबोर्डाची पद्धत हवी होती असं मी म्हणत नाही, त्यांनी स्वतःच वेगळा मतदारसंघ मागितला. पण देणाऱ्यांच्या घरात बत्तीस वर्षं वापरलेलं दुसरं अवजार पडलेलं होतं, एवढं नक्की.

गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ साली प्राथमिक शिक्षणाचं विधेयक आणलं, ते इंग्लंडच्या १८७० च्या कायद्याचा धडा समोर ठेवूनच. सक्ती करायची की नाही हे स्थानिक संस्थेने ठरवावं, आधी मुलांची, मग मुलींची. जीना त्याच्या बाजूने बोलले, मजहरुल हकही. काही मुसलमान पुढाऱ्यांची शंका भाषेची होती. सक्ती झाली तर आमच्या मुलांवर कुठली भाषा येईल? मार्च १९१२ मध्ये विधेयक १३ विरुद्ध ३८ मतांनी पडलं. पाडणाऱ्यांत सरकारी सदस्यांचा भरणा होता. त्यामुळे ती भाषेची शंका कुणी मोकळेपणाने सोडवायची वेळच आली नाही, आणि ती अजून आपल्या घराघरांत तशीच आहे.

एकवट मत मात्र एकदा आपल्या दारी येऊन गेलं. १९३७ च्या निवडणुकीत मुंबई प्रांतातल्या सर्वसाधारण बहुसदस्य मतदारसंघांत ते वापरलं गेलं. डॉ. आंबेडकर आणि त्यांचा स्वतंत्र मजूर पक्ष त्याच निवडणुकीत उतरले होते. मुसलमान अर्थातच आपल्या वेगळ्या मतदारसंघांत, त्यामुळे आमच्या आजोबांच्या पिढीने ते वापरून पाहिलंच नाही. स्वातंत्र्यानंतर एक मतदारसंघ, एक सदस्य हीच पद्धत रुळली. तरी १९५५ मध्ये भाषावार राज्यांवर पुस्तक लिहिताना बाबासाहेबांनी अल्पसंख्यांसाठी पुन्हा तोच उपाय सुचवला. दोन-तीन सदस्यांचे मतदारसंघ आणि एकवट मत. वेगळे मतदारसंघ जाऊ देत, पण छोट्या समाजाला आपला माणूस निवडता यावा. त्या पुस्तकातली राज्यांच्या तुकड्यांची चर्चा सगळे करतात. हे पान बहुतेक जण उलटून पुढे जातात.

आणि आमचं बोर्ड? मुंबई प्राथमिक शिक्षण कायदा १९४७ चा. त्यात नगरपालिकांच्या शिक्षण मंडळावर माणसं जायची ती नगरसेवकांच्या मतांनी. लोकांनी थेट निवडायची सोय नव्हती. म्हणजे पक्षांनी आपसांत वाटून घेतलेल्या जागा. म्हणून तर ‘आपल्या माणसाला’ शाळेबद्दल कुणी काही विचारलं नाही. त्याला आमच्यापुढे हात जोडायचेच नव्हते, त्याला जोडायचे होते पक्षाच्या नेत्यापुढे. शिक्षणहक्क कायदा आल्यावर राज्याने ही मंडळं गुंडाळली. आता प्रत्येक शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते, तीन-चतुर्थांश पालक, निम्म्या बायका.

मागच्या वर्षी भाचीच्या उर्दू शाळेत या समितीची निवड होती. बहिणीला बरं नव्हतं, म्हणून मी सोबत गेलो होतो. जागा कमी, नावं जास्त. मुख्याध्यापकांनी घाईघाईत विचारलं, कुणाचा आक्षेप? सगळे गप्प. मागच्या रांगेतून नसीमखाला उठल्या. त्यांची नात सहावीत आहे. त्यांनी पुढे बसलेल्या तिन्ही इच्छुकांकडे बोट करून विचारलं, ‘तुम्ही निवडून आलात तर मराठीचा शिक्षक कुठून आणणार ते सांगा. दोन वर्षं झाली, पोरींना मराठीचा अर्जसुद्धा लिहिता येत नाही.’ एकाने जमातीच्या एकीबद्दल बोलायला सुरुवात केली. खालांनी त्याला थांबवलं आणि प्रश्न पुन्हा विचारला.